इमादच्या नावाची चिठ्ठी

उम्म अल हस्सम, बहरीन
५ एप्रिल

अर्शद,

खूप दुवा. तुझ्या अब्बांच्या नावाची चिठ्ठी निघाली आहे.

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागदावर लिहिते आहे. ईदच्या दिवशी हिनाने उचलला आणि म्हणाली, "अम्मी, वो सो रहे हैं." तुमच्या कॅलगरीला तेव्हा भर दुपार होती. मी ईद मुबारक म्हटलं आणि ठेवून दिला. तिला काही बोलू नकोस, तिला खोटं बोलता येत नाही एवढाच तिचा दोष. शाळेत हिंदी होतं म्हणून तुला अक्षरं येतात. हळूहळू वाच.

तर चिठ्ठी. आपल्या सावरतळी गावच्या जमातीचा तो दूध पावडरचा डबा तुला आठवत असेल, इलियासभाईंच्या मुहर्रकच्या दुकानात बटणांच्या बरण्यांशेजारी असतो तो. बहरीनमध्ये गावची जेवढी घरं तेवढ्या चिठ्ठ्या आत. गावच्या दोन माणसांत तंटा झाला आणि कोर्टकचेरी नको असं वाटलं, की डबा हलवायचा आणि पाच चिठ्ठ्या काढायच्या. ज्यांची नावं निघतील ते पंच. त्यांनी ऐकून घ्यायचं, एकमत झालं की फातेहा पढायची आणि चहा प्यायचा. एकाचा जरी हात वर झाला नाही तरी फातेहा नाही, पुढच्या जुम्म्याला पुन्हा बसायचं. तू लहान असताना तुझे अब्बा एकदा असे बसले होते आणि घरी येऊन न जेवता झोपले होते.

परवा डबा हलला. चार नावं सरळ निघाली आणि पाचवं निघालं इमाद. इलियासभाई सांगतात की दुकानात कोणी श्वास घेतला नाही. घेतला असेल, त्यांना वाढवून सांगायची सवय आहे. डिसेंबरात अब्बा गेले तेव्हा त्यांची चिठ्ठी डब्यातून काढून टाकायचं कोणाला सुचलं नाही. किंवा सुचलं असेल आणि कोणाचा हात धजला नसेल.

सगळे म्हणाले, दुसरी काढा. पंचांत नाव निघालेले गफूर चाचा अडून बसले. निघालेली चिठ्ठी निवाडा झाल्याशिवाय परत डब्यात जात नाही, असा नियम आहे. हा नियम कोणी केला होता, तर तुझ्या अब्बांनीच. लोक ड्युटी आहे, पाहुणे आलेत, असं सांगून सुटायचे म्हणून. चिठ्ठी घराची असते. माणूस नसेल तर घराने दुसरा माणूस द्यायचा. आता या घरात माणसं म्हणजे मी आणि बाल्कनीतला कढीपत्ता.

इलियासभाईंचा फोन आला. "भाबी, तुमी नाय बोललाव तरी चालंल. इद्दतीत हाव तुमी, कोन काय बोलनार नाय."

मी म्हटलं, बसते. नाही म्हणायला कारण द्यावं लागतं आणि कारण शोधायचा मला कंटाळा आला होता. हल्ली मला फारसं काही वाटत नाही. दात काढल्यावर गाल कसा आपला वाटत नाही, तसं आहे. तुझ्या हिनाने लगेच डॉक्टर शोधू नये म्हणून सांगते, खाणं-झोपणं ठीक आहे.

नवऱ्यामागची इद्दत संपेपर्यंत मला उंबऱ्याबाहेर जाता येत नाही, म्हणून पंचच आपल्या घरी येणार आहेत. हॉलमध्ये पुरुष, बेडरूमच्या दाराला पडदा, पडद्याआड मी. गफूर चाचांनी मौलवींना विचारूनही घेतलं.

तंटा ताहेरा खालाचा आहे. म्हणजे तिने कोणाचं काही वाकडं केलेलं नाही. तिचा मोठा मुलगा ताहिर, विमानतळावर सामानखात्यात आहे तो. तुझी स्कूलबस चुकली की तोच तुला सोडायचा. धाकटा दिलावर पनवेलला असतो. खालू, तिचे शौहर, गेल्यापासून खाला ताहिरकडे मुहर्रकला आहे. आता ताहिर म्हणतो दिलावरने न्यावं, दिलावर म्हणतो आईला बहरीनच मानवतं. दोघंही आईला डोक्यावर घ्यायला तयार आहेत, फक्त आपल्या घरात नको. तिने कुठे राहायचं ते आम्ही पाच जणांनी ठरवायचं.

माझ्या डोक्यात यातलं काही शिरत नाही. चहाचे कप पुरतील की नाही तेवढं बघून ठेवलं.

तुझी अम्मी


१२ एप्रिल

अर्शद,

काल जुम्म्यानंतर सगळे आले. पडदा म्हणून मी ती निळी चादर लावली, तुझ्या पलंगावरची. पडद्याआडून माणसं दिसत नाहीत पण पाय दिसतात. गफूर चाचांच्या मोज्याला भोक आहे. बाकीच्या तिघांत एक अदलियात ज्यूसचं दुकान चालवणारे, एक बँकेतला नवा मुलगा मुबीन आणि एक ते सलमाबादचे गॅरेजवाले, जे बोलतात कमी आणि खाकरतात जास्त. सोफ्यावर दाटीवाटी झाली, इलियासभाई उभेच राहिले. अब्बांच्या खुर्चीवर कोणी बसलं नाही.

हॉलमध्ये खोकी रचलेली आहेत. गफूर चाचांनी विचारलं, भाबी, हे काय? मी म्हटलं, ईदची साफसफाई.

ताहिर बोलायला लागला. "आई मना जड नाय, चाचा. अल्लाची कसम. पन दोन खोल्या नि मानसा पाच. नाझिश सकाळी ड्युटीला जाते, पोरा शाळेत, मी शिफ्टला. आई दिवसभर भितीकडं बगून बसते. दिलावरकडं निदान बोलायला शेजारीन हाय."

मग दिलावरला फोन लावून टीपॉयवर ठेवला. तो गोड बोलतो, लहानपणापासून. "मी नाय कंदी बोललो? पन आमचा चौथा माळा, लिफ्ट आठवड्यात तीन दिस बंद. आईचा गुडघा. थय बहरीनचे डॉक्टर कसले चांगले."

"डॉक्टर मी देतंय काय?" ताहिर म्हणाला. "माज्या पगारातनं जातात."

"मग मी काय दगडं मोजतंय हय?"

असं बराच वेळ चाललं. गॅरेजवाले खाकरले. शेवटी ज्यूसवाल्यांनी तोडगा काढला, सहा महिने इथे आणि सहा महिने तिथे. सगळ्यांना हायसं वाटलं. तिकीट कोणी काढायचं, थंडीत कुठे आणि उन्हाळ्यात कुठे, भराभर ठरत गेलं. गफूर चाचांनी हात वर केला. पायांवरून मला कळलं की बाकीच्यांनीही केला, कारण सगळे निघायच्या बेताने पुढे सरकले.

"भाबी, तुमचा?"

मी हात वर करणारच होते. खरं सांगते, मला ते सगळे जायला हवे होते, पाठ दुखत होती. पण तोंडातून निघालं, "ताहेरा खाला काय म्हणते?"

 फोनमधून पनवेलच्या रिक्षांचा आवाज येत होता.

ताहिर म्हणाला, "ती काय बोलनार? बोलते, तुमी ठरवाल ता."

"कोणी विचारलं तिला?"

गफूर चाचांनी पुढे सरकवलेले पाय मागे घेतले. मग म्हणाले, "इमाद पन असाच करायचा. सगला जमला का मधीच एक सवाल टाकायचा." त्यांना राग आला होता की बरं वाटलं होतं, पायांवरून सांगता येत नाही.

फातेहा झाली नाही. चहा मात्र झाला. तू असं समजू नकोस की तुझ्या अम्मीला एकदम शहाणपण सुचलं. शिंक यावी तसा तो प्रश्न आला. आता ताहेरा खालाला विचारून यायचं काम माझ्याच गळ्यात पडलंय, आणि मला बाहेर जाता येत नाही म्हणून तिला इकडे आणणार आहेत. त्यासाठी पुढची बैठक एक जुम्मा सोडून.

तुझी अम्मी


१९ एप्रिल

अर्शद,

हिनाचा मेसेज आला. तू माझ्या पासपोर्टचा फोटो मागितला आहेस. कशाला ते लिहिलेलं नाही. मी अजून पाठवलेला नाही.

मंगळवारी ताहिरची बायको नाझिश खालाला सोडून गेली. जाताना दारातच मला म्हणाली, "भाबी, तुम्ही सांगाल ते मला चालेल. फक्त लोकांनी मला नावं ठेवू नयेत." बिचारी दमलेली होती. क्लिनिकच्या युनिफॉर्मवरच आली होती.

ताहेरा खाला हॉलमध्ये बसली नाही. सरळ किचनमध्ये आली आणि मी काढून ठेवलेली कोळंबी सोलायला घेतली. तिचे हात अजून चालतात. गुडघा मात्र खरंच गेलाय, उठताना तिने ओट्याची कड घट्ट धरली होती. ती मागच्या वर्षी मुहर्रकला बाथरूममध्ये पडली होती, हे तुला कोणी सांगितलं नसेल.

मी विचारलं. खाला, तुला कुठे राहायचं आहे?

ती सोलत राहिली. मग म्हणाली, "सा मैने हय, सा मैने थय. मी काय बॅग हाय गो? पट्ट्यावर सोडायची नि थय उचलायची? ताहिरला तसाच दिसत असनार, त्याचा धंदाच तो."

मला हसू आलं. कित्येक दिवसांनी आलं म्हणून मलाच ते विचित्र वाटलं.

"मग कोणाकडे? ताहिरकडे की दिलावरकडे?"

"कोनाकडं पन नाय. मना माज्या घरात ऱ्हायचा हाय. सावरतळीला. चावी ताहिरच्या कपाटात हाय, ती तेवढी घेवन दे."

मी म्हटलं, एकटी? ती म्हणाली, "हय कोन असता माज्यासंगती? टीवी."

मी तिला पडण्याचं बोलले. रात्री-अपरात्री काही झालं तर कोण आहे, विहिरीवरचं शेवाळ, साप, सगळं बोलले. तिने शांतपणे ऐकलं. म्हणाली, पडायचं तर आपल्या न्हाणीत पडेन, तिथली फरशी कुठे निसरडी आहे ते मला माहीत आहे. इथे चार भिंतींत मी कोणाच्या वाटेत येऊ नये म्हणून अंग चोरून बसते, त्याने माझं कंबरडं मोडलंय. गुडघ्याचं काय घेऊन बसलीस.

मी विचारलं की हे मुलांना का नाही सांगितलं. तर म्हणाली, सांगितलं तर ताहिर रडतो. आई गावात एकटी राहिली म्हणजे दोन मुलांनी टाकली, असं लोक म्हणणार. त्याला त्याची अब्रू आहे. त्याच्या अब्रूपायी ती दोन वर्षं भिंतीकडे बघत होती.

मग कोळंबीचं ताट माझ्याकडे सरकवून तिने विचारलं, "नि तुना कोनी इचारला, तू खय ऱ्हानार?"

मी उठले आणि नळ सोडला. कोळंबी धुतलेलीच होती.

आता तुलाही सांगून टाकते. हॉलमधली खोकी ईदची नाहीत. माझा व्हिसा अब्बांच्या व्हिसावर होता, ते गेले म्हणजे तोही गेला. कंपनीतल्या माणसाने धावपळ करून इद्दत संपेपर्यंतची मुदत मिळवून दिली आहे. त्यानंतर हे घर सोडायचं आहे. मी रोज एक कपाट रिकामं करते, त्यातलं अर्धं परत लावते. पुढचं ठरवायला बसले की डोकं रिकामं होतं, आणि ते रिकामपण मला बरंही वाटतं. कोणीतरी कधीतरी सांगेल, मग जाऊ, असं चाललं होतं.

पण मी खालाला काय उत्तर देऊ? ती पडली आणि दोन दिवस कोणाला कळलं नाही, तर ते माझ्या डोक्यावर येईल. सहा-सहा महिन्यांना हात वर केला तर कोणाच्याच डोक्यावर काही येणार नाही. मला भीती वाटते, अर्शद. निदान काहीतरी वाटतंय म्हणायचं.

तुझी अम्मी


२६ एप्रिल

अर्शद,

हे पत्र नीट बसून वाच.

काल पुन्हा सगळे आले. मी पडद्याआडून सांगितलं की खालाला सावरतळीला आपल्या घरात राहायचं आहे, आणि माझा हात त्यालाच वर होईल, दुसऱ्या कशाला होणार नाही. फोनमधला दिलावर एकदम म्हणाला, हे बरं नाही. ज्यूसवाले म्हणाले, भाबी, जमातीनेच आईला एकटं सोडलं असं होईल.  गफूर चाचा म्हणाले, म्हातारपणी माणूस असंच बोलतो, त्याचं सगळं ऐकायचं नसतं. त्यांचं स्वतःचं वय काय ते मी विचारलं नाही.

मी तेच पुन्हा सांगितलं. माझा आवाज सपाट होता. मला वाटतं त्यामुळेच ताहिरचं डोकं फिरलं. तो उठून पडद्याजवळ आला, त्याचे विमानतळाचे काळे बूट चादरीच्या कडेला लागले. जोड्यांसकट आत आला होता, एवढं त्याचं भान सुटलेलं.

"भाबी, मी गावात तोंड कसा दाखवू? तुमना काय जाता बोलायला? तुमचा पोरगा खय हाय? तुमी त्याना बापाचा तोंड पन बगू दिला नाय. एक दिस थांबला नाय तुमच्यानं. नि आमना आईबापाचा शिकवताव?"

इलियासभाईंनी त्याला मागे ओढलं.  मला राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. फक्त लक्षात आलं की आता बोलायला लागणार.

मी जे बोलले ते तुला लिहिते.

मी म्हटलं, ताहिर, थांबले असते तर त्यांना बर्फात ठेवावं लागलं असतं. सबंध आयुष्य ते बंदरावरच्या मासळीच्या शीतगृहांत आत-बाहेर करत होते, मशीन बंद पडलं की तासन् तास आत. घरी यायचे तेव्हा बोटं पांढरी पडलेली असायची. चहाचा कप हातात दिला तर गरम आहे की गार ते त्यांना कळायचं नाही, मी आधी माझ्या गालाला लावून बघायचे. मग बसून बोटं चोळायचे, ती लाल होईपर्यंत. ते म्हणायचे, मुनीरा, मी मेल्यावर मना थंडीत ठेवू नको. हसत म्हणायचे, पण दर हिवाळ्यात म्हणायचे. हॉस्पिटलात तो माणूस मला विचारायला आला की मुलगा येतोय, तर ठेवायचं का. त्याने मागचं दार उघडलं होतं आणि ती थंड वाफ माझ्या पायांवर आली. मी म्हटलं, नाही. आजच दफनाला न्या, दुपारच्या असरच्या नमाजाआधी.

तू तेव्हा फ्रँकफर्टच्या विमानतळावर होतास. फोनवर तू म्हणालास, अम्मी, एक दिवस थांब. मी नाही म्हटलं. आजही तोच प्रश्न असता तर मी तेच उत्तर दिलं असतं. दुसऱ्या दिवशी तू आलास आणि या हॉलमध्ये उभा राहून ओरडलास, का नाही थांबलीस. तू ओरडत होतास. विचारत नव्हतास. विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. मग तू आपल्या घरचा घास न खाता परत गेलास आणि मला त्याचंही काही वाटेना, आणि वाटत नाही याची भीती वाटायला लागली.

शेवटचं हे ताहिरला नाही सांगितलं. ते तुझ्यासाठी.

ताहिर खाली बसला. अब्बांच्या खुर्चीवर बसला, त्याच्या लक्षातच आलं नाही. मग म्हणाला, "मना आई बोलली का नाय?"

"तू रडतोस म्हणून."

त्यावर तो रडलाच. मुबीनने हात वर केला असावा, कारण इलियासभाई म्हणाले, दोन झाले. मग गॅरेजवाले. ते आयुष्यात पहिल्यांदा न खाकरता बोलले, म्हणाले, माझी आई पण असंच सांगायची, आम्ही मुंबईला नेली.  ज्यूसवाल्यांनीही केला. राहिले गफूर चाचा.

ते म्हणाले, "माजा हात वर जाईल, भाबी. पन रातची तिच्याजवल बाई मानूस पायजे. भाड्याची नाय, आपली. अशी कोन हाय गावात? सगली घरा बंद हायत. नाव सांगा, मी हात वर करतंय."

सगळे गावातली नावं आठवायला लागले. ही मुंबईला, ती मुलाकडे कुवेतला, तिसरीला दिसत नाही. मी पडद्याआड उभी होते आणि चादरीवरचा तो जुना शाईचा डाग बघत होते, तू दहावीत पेन उघडं ठेवून झोपला होतास त्याचा.

मी म्हटलं, "मी."

कोणाला कळलं नाही. पुन्हा म्हटलं, "मुनीरा. इमादचं घर तिच्या घराला लागून आहे. मी जाते सावरतळीला."

गफूर चाचांचा हात वर गेला का ते मला दिसलं नाही, पण फातेहा सुरू झाली. संपल्यावर ताहिर पुन्हा पडद्यापाशी आला, या वेळी बूट काढून. चादरीखालून त्याने चावी आत सरकवली. तो ती खिशात घालूनच आला होता. का, ते मी विचारलं नाही.

ते गेल्यावर मी सगळे कप धुतले आणि खोकी भरायला घेतली. या वेळी काही परत लावलं नाही.

तुझी अम्मी


११ मे

अर्शद,

इद्दत संपली. गुरुवारी मी बाहेर पडले. खालच्या दुकानातला मल्याळी म्हणाला, चेची, आप पतली हो गयी. ऊन एवढं होतं की डोळे उघडेनात. मी जरा वेळ तशीच जिन्याच्या दारात उभी राहिले, मग टॅक्सी केली आणि मुहर्रकला गेले. इलियासभाईंना सांगायचं होतं की घर बंद होतंय.

मला कॅलगरीला नेण्याचा फॉर्म भरला असशील तर राहू दे. पासपोर्टचा फोटो मी पाठवला नाही आणि पाठवणार नाही. ताहेरा खाला आणि मी पुढच्या आठवड्यात एकाच विमानाने निघतोय. ती आत्तापासून भांडते आहे, खिडकी तिला हवी आहे. ताहिर म्हणाला, आमच्या बॅगा तो स्वतः चढवणार. तुला राग आला तर येऊ दे. मला यायला आवडलं नसतं असं नाही, पण मला कोणी तसं विचारलं नाही. फोटो मागितला.

इलियासभाईंनी दुकानातल्या बाईला बटणं मोजून दिली, मग तो डबा काढला. घर बंद झालं की चिठ्ठी काढायची असते. म्हणाले, "भाबी, मी काडू का तुमी?" मी म्हटलं, तुम्ही काढा. त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या काउंटरवर पसरल्या, त्यातली एक उलगडली आणि माझ्या हातावर ठेवली.

मला वाटत होतं की नावं इलियासभाईंनीच लिहिली असतील. तसं नाही. प्रत्येकाने आपलं नाव आपल्या हाताने लिहायचं असतं. निळं पेन होतं. इमाद, घर सावरतळीचं, बहरीन. 'इ'ची शेपटी त्यांची नेहमीसारखी खाली ओढलेली, ओळीबाहेर गेलेली, आणि 'द' वाकडातिकडा. त्या दिवशी ते शीतगृहातून थेट आले असणार. बोटं आखडलेली असली की त्यांचं अक्षर असं यायचं.

मी तिथेच रडले, अर्शद. दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, धाग्यांच्या रिळांवर हात ठेवून. ते गेल्यापासून पहिल्यांदा. खूप दुखलं. इतकं दुखेल असं मला वाटलं नव्हतं, आणि दुखतंय म्हणून बरंही वाटलं. इलियासभाईंनी एसी बंद केला आणि स्टूल आणून दिलं. ते बिचारे गिऱ्हाइकांना म्हणत राहिले, खलास, खलास, बाद में आना.

ती चिठ्ठी या पत्रासोबत तुला पाठवते आहे. जपून उघड, घडीवर कागद विरलाय. तू आलास तेव्हा त्यांचा चेहरा मी तुला दाखवू शकले नाही. त्यांच्या हातचं माझ्याकडे एवढंच आहे, बाकी सगळे पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर, ते मी कंपनीतल्या मुलांना वाटले.

आणि एक. चिठ्ठी आता तुझ्या हातात आली आहे. ती कोणाची ते तुला माहीत आहे आणि नियमही माहीत आहे, निघालेली चिठ्ठी निवाड्याशिवाय परत जात नाही, घरातल्या माणसाने बसावं लागतं. मी थांबले नाही ते बरोबर की चूक, याचा निवाडा तू डिसेंबरातच करून टाकलास. तो पुन्हा कर. तुझा जो हात असेल तो मला मान्य आहे. पण तू अजून माझं ऐकलेलं नाहीस. पत्र वाचणं वेगळं.

सावरतळीला नेटवर्क फक्त मशिदीच्या पायरीवर येतं. मी रोज असरनंतर तिथे बसेन. आधी मला विचार.

तुझी अम्मी